रेघेबाहेरचा टी-शर्ट

“काढा म्हणते ना तो टी-शर्ट! पोलीस रेघ ओलांडू देणार नाही.”

“का म्हणून? भँवरला आखाड्यात मी घडवला. त्याचा फोटो छातीवर मिरवणारच!”

“आज तो उमेदवार आहे हो. मतलब हा प्रचारच झाला!”

मुरलीपुऱ्यातल्या मतदान केंद्राबाहेर, चुन्याच्या रेघेपाशी, सुलोचना नवऱ्याशी भांडत होती. रेल्वेतून निवृत्त झालेल्या शेषरावांनी आजवर एकही मतदान चुकवलं नव्हतं आणि आता दहाच मिनिटं उरली होती.

“निदान उलटा तरी घाला.”

“शिकवलेल्या पोराचं तोंड लपवू? त्यापेक्षा उघडा बरा!”

त्यांनी टी-शर्ट काढून तिच्या हाती दिला. अडुसष्टाव्या वर्षी नुसत्या बनियनवर, कुस्तीला उतरावं तसे ते रांगेत ताठ उभे राहिले. लोक हसले. सुलोचनाने मात्र टी-शर्टची नीट घडी घातली.

ते शाई लावून परतले, तेव्हा टीव्हीवरच्या कुस्तीत घालायचा तो झगमगता अंगरखा घालून भँवरच रेघेबाहेर उभा होता. तो वाकून पाया पडला.

“उस्तादजी, मत मलाच ना?”

शेषरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, सुलोचनाकडून टी-शर्ट घेऊन पुन्हा अंगात चढवला आणि ते घराकडे चालू लागले.