पांढरा दोरा

पुस्तक हातात आलं की ते उघडण्याआधी कानाशी धरायचे. अंगठ्याने पानांची कड भर्रकन सोडायचे, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचे. "बोलून राहिलं, ताई. याले अजून चाळीस वर्सं काई होत नाही." किंवा, "याचा घसा बसला. ठेवा इकडं."

आमच्या वाचनालयाचे ते बाइंडर. तुमच्याही गावातल्या जुन्या वाचनालयात असा माणूस तुम्ही पाहिला असेल. जिन्याखालच्या जागेत बसलेला, नखांत चिकटवायची लेई वाळलेली, शर्टाच्या खिशावर टोचलेली सुई. आपण रोज त्याच्या समोरून जिना चढतो आणि त्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं. मला ठाऊक होतं. इथे लिहिणार नाही. अहो-जाहो मात्र अजून सुटत नाही, तेवढं समजून घ्या.

मी अमरावतीला ग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हा ते पन्नाशीला आलेले, आणि मी सत्तावीस वर्षांची, माणसांशी धड न बोलणारी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक शाळेचं व्याकरण दाखवलं. त्याचं एक पान हरवलं होतं. दुसऱ्या प्रतीवरून त्या पानाची झेरॉक्स काढून त्यांनी ती आत शिवली होती. सगळं पुस्तक पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं, फक्त त्या एका पानाला लाल दोरा.

"लाल कावून?" मी विचारलं. त्यांची बोली माझ्याही घरची होती, पण वाचनालयात मी ती बोलत नसे. त्यांच्यासमोर आपोआप आली.

"हे पान पावनं हाये, ताई. घरच्यायमधी बसवाव. पन पावनं हाये हे दिसलं पायजे. नाईतं वाचनारा फसते."

आठ-दहा रुपयांचं व्याकरण ते. त्याच्या वाचणाऱ्याची ही काळजी. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं, की आमच्याकडे एक फार मोठा माणूस जिन्याखाली बसतो.

आमच्या वाचनालयात लंडनच्या एका साप्ताहिकाचे अकरा खंड आहेत. इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबात ते साप्ताहिक यायचं. साहेब गेले, क्लब बंद झाला, आणि कोणीतरी हे खंड बैलगाडीत घालून आमच्याकडे आणून टाकले. साप्ताहिक तिकडच्या बड्या घरांचं. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचा घोडा शर्यतीत जिंकला, राणीच्या दरबारात कोणाची मुलगी पहिल्यांदा गेली. नियतकालिकं बांधताना मुखपृष्ठं काढून टाकायची पद्धत असते. या खंडांत ती जागच्या जागी होती. मोत्यांच्या माळा घातलेल्या बायका, केसांत तीन पांढरी पिसं खोवलेल्या मुली, बंदुकीला टेकून उभे असलेले लालबुंद म्हातारे. चित्रकारांनी हाताने रंगवलेली आणि गुळगुळीत कागदावर छापलेली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आमच्या वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का.

खंडांच्या पाठी उसवत चालल्या होत्या, म्हणून वर्षाला एखादा बाइंडरांकडे जायचा. दुपारी वाचक नसले की मी खाली जाऊन त्यांना चित्रांखालचा मजकूर मराठीत सांगायची.

"हिचं लग्न ठरलंय."

"पोरगा काय करते?"

"फौजेत कॅप्टन आहे."

"शेती?"

"तीन हजार एकर लिहिलंय."

ते सुई थांबवून विचार करायचे. "काळी हाये का मुरमाड?"

तसं लिहिलेलं नाही म्हटलं की मान हलवायचे. "मंग घाई केली बापानं."

त्यांनी सगळ्यांना नावं ठेवली होती. मोत्यांची ती मालगुजारीण, म्हणजे जमीनदारीण. पिसांची ती कोंबडी. बंदूकवाला तो सासरा. आणि एक होती हिरव्या टोपीची. हडकुळ्या शिकारी कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसलेली, मान जराशी वळवलेली, जणू मागून कोणी हाक मारली आहे. मला ती सगळ्यांत आवडायची. त्यांनी ते ओळखलं होतं.

"कुत्र्याच्या बरगड्या मोजून घ्या," ते म्हणायचे. "एवढी मोठी मानसं, कुत्र्याले भाकर नाही." आणि मग हळू आवाजात, "ही तुमच्यासारकी हाये, ताई. कोनी आवाज देल्ला, तं पाहाव का नाही, हेच ठरवून राहिली."

माझ्या आयुष्यात तेव्हा एक हाक येऊन गेली होती. मी वळून पाहिलं नव्हतं. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मी वर जाऊन रजिस्टर उघडून बसले. पण त्या दिवसापासून ते माझे झाले.

पुढे जिन्याखाली ओल आली. खंड घरी नेऊन बांधतो म्हणाले. नियमाने हे खंड इमारतीबाहेर जायचे नव्हते. मी घुटमळले.

"कायले भेता? मी आहो ना."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. छत गळलं, कसर लागली, तपासणी आली, सगळ्याला तेच उत्तर. मी सही केली. एक खंड दोन महिने त्यांच्या घरी राहायचा आणि नव्या कापडी पाठीत, ताठ होऊन परत यायचा. असे अकराही खंड गेले आणि आले. दर वेळी ते माझ्यासमोर खंड कानाशी धरून पानं सोडायचे आणि हसायचे.

आता मास्तरांबद्दल सांगायला हवं. बडनेऱ्याहून एक निवृत्त चित्रकला शिक्षक दर गुरुवारी यायचे. कापडी पिशवीत वही, पेन्सिली, रंगांची डबी. हे खंड मागून घ्यायचे आणि त्यातले चेहरे वहीत उतरवायचे. कोणाशी बोलणं नाही. एका गुरुवारी मात्र खंड घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बाई, हे चित्र मेलं आहे."

"म्हणजे?"

"रंग मेला. मागच्या वर्षी मी हेच काढलं, तेव्हा जिवंत होतं."

मला ते चित्र जसं होतं तसंच दिसत होतं. मी जिन्याखाली जाऊन सांगितलं. ते मोकळेपणाने हसले. "मास्तरच्या चस्म्याचा नंबर वाढला, ताई. डोये तपासा मना." मीही हसले. ते हसू मला आज फार महागात पडतं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका खंडातलं नाताळ अंकाचं मुखपृष्ठ नाहीसं झालं. सोनेरी शाईत छापलेलं होतं ते, दिव्यांखाली नाचणारी जोडपी. आत कापल्याची सरळ रेघ तेवढी राहिली होती. मी खंड घेऊन जिन्याखाली गेले. त्यांनी ती रेघ बोटाने चाचपली, इकडे तिकडे पाहिलं.

"मी काई मनत नाही, ताई. पन मास्तर पेन्सिल टोकरायले ब्लेड आनते. आपलं मनलं सांगून ठेवाव."

पुढच्या गुरुवारी मास्तरांनी खंड मागितला. मी म्हणाले, "हे खंड आता कोणाला देत नाही." ते माझ्याकडे पाहत राहिले. हॉलमध्ये चार वाचक होते, सगळ्यांच्या माना वर झाल्या. "मला देत नाही, की कोणालाच देत नाही?" त्यांनी विचारलं. मी समोरच्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारू लागले. त्यांनी पेन्सिली एकेक करून पिशवीत ठेवल्या, खुर्ची टेबलाखाली सारली आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात बाइंडर गेले. झोपेतच गेले. शोकसभा मीच ठेवली, मीच बोलले. "या माणसाने आमच्या वाचनालयाचं एक पान हरवू दिलं नाही," असं मी सगळ्यांसमोर म्हटलं आणि खाली बसले. काही दिवसांनी त्यांची मुलगी एक पत्र्याची पेटी घेऊन आली. "बाबा म्हनत, हे ताईले देजो." आत कागद दुमडायची हाडाची पट्टी, दाभण, सुया आणि लाल दोऱ्याचं रीळ. रीळ जवळजवळ भरलेलं होतं. माझ्यासाठी नवं आणून ठेवलं असेल, असं मला वाटलं. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं. रडावंसं वाटलं की खण उघडायची.

हिवाळ्यात अकोल्याला भाच्याच्या लग्नाचं रिसेप्शन होतं. एका नव्या हॉटेलात, जुन्या इंग्रजी थाटात सजवलेल्या. हातात गुलाबजामची वाटी घेऊन मी जेवणाच्या हॉलकडे निघाले, आणि त्या लांब व्हरांड्यात भिंतीवर मालगुजारीण दिसली. तिच्या पुढे सासरा. मग कोंबडी. सगळे सोनेरी चौकटींत, प्रत्येकावर छोटा दिवा. वळणावर, एकटी, हिरव्या टोपीची. कुत्र्याच्या पायाशी चौकटीच्या कागदाखालून अर्धा जांभळा गोल बाहेर डोकावत होता.

मॅनेजर कौतुकाने म्हणाला, "अँटिक आहेत मॅडम, ओरिजिनल. एक बाइंडरबाबा आणून द्यायचे, एकेक करून. आम्ही विचारलं होतं, कुठून आणता. म्हणाले, घरचं हाये."

नाताळचा सोनेरी अंक स्वागतकक्षात होता, सगळ्यांत मोठ्या चौकटीत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने अमरावती गाठली. कुलूप मीच उघडलं. पहिला खंड काढून कानाशी धरला आणि त्यांनी शिकवलं तशी पानं सोडली. जुनी पानं सरसरली, मध्ये थप्प, पुन्हा सरसर, पुन्हा थप्प. दर अंकाच्या सुरुवातीला एक मुकं पान. इतकी वर्षं मी चित्र पाहत होते. कागद मास्तरांनी पाहिला होता. रंगीत प्रिंट, आमचा शिक्काही त्यातच छापलेला. सोनेरी शाई प्रिंटरला येत नाही, म्हणून तेवढ्या एका चित्राची नक्कल झाली नव्हती. त्याची चोरी उघडी पडणार होती, आणि तिला एक नाव हवं होतं.

मी पानं फाकवून शिवण पाहिली. दोरा पांढरा होता. अकराही खंडांत, प्रत्येक नकली पानाला पांढरा.

मी कारण शोधलं. आजारपण, मुलीचं लग्न, काहीतरी. कारण सापडलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. मुलीला विचारलं, तर ती बिचारी म्हणाली, "बाबाले कायचीच कमी नोती, ताई." हिरव्या टोपीचीसुद्धा त्यांनी ठेवली नाही. ती कोणासारखी आहे हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

समितीला सगळं लिहून दिलं, माझ्या सहीसकट. हॉटेलशी पत्रव्यवहार सुरू आहे. मास्तरांचा त्यात काही संबंध नव्हता, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. मग त्याची प्रत घेऊन बडनेऱ्याला गेले.

मास्तर अंगणात बसले होते. कागद वाचला, घडी केली, चष्म्याच्या घरात ठेवला. मी हात जोडले, तर म्हणाले, "बसा." चहा आला. त्यांनी कप संपवून खाली ठेवला.

"त्या दिवशी तुम्ही माझी पिशवी तपासली असती, तर मला बरं वाटलं असतं," ते म्हणाले. "मी वाट पाहत होतो. एकेक पेन्सिल ठेवत होतो. तुम्ही तपासलीच नाही."

गुरुवारी या, असं मी म्हणाले. ते नुसते हसले. आलेले नाहीत.

आता रोज संध्याकाळी वाचनालय बंद झालं की मी बाइंडरांच्या पेटीतली सुई काढते. नकली पानांचा पांढरा दोरा उसवते आणि लाल दोऱ्याने पुन्हा शिवते. पाहुणं आहे हे दिसलं पाहिजे. माझे टाके वाकडे येतात. त्यांची गाठ इतकी सपाट आहे की कात्रीला सापडत नाही, सुईच्या टोकाने हळूहळू उचलावी लागते. काल एक गाठ सुटेना. भिंग लावून पाहिली. दोरा दोनदा स्वतःखालून नेलेला, टोक कागदाच्या घडीत लपवलेलं, कुठे पीळ नाही, कुठे फुगवटा नाही.

"काय सुंदर काम आहे," मी मोठ्याने म्हणाले, आणि जिन्याखाली सांगायला अर्धी उठले.