माझ्या हातचं अ‍ॅव्हरेज

ह्यांची कंबर गेली ती पलसाण्याच्या एका मिलच्या दारात. कापडाचा गठ्ठा उचलायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. हमालांनी धरून गाडीत बसवलं, ओळखीच्या एका ड्रायव्हरने सुरतेत लिंबायतला घरी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, मणक्याची गादी सरकलीय, तीन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

हे म्हणजे माझे यजमान. धुळे जिल्ह्यातून सुरतला आले, बारा वर्षं पॉवरलूमवर उभे राहिले आणि मग स्वतःची पिकअप घेतली. लूमवाल्यांकडून कोरं कापड भरायचं, रंगाईसाठी पलसाण्याला पोचवायचं, रंगलेलं परत आणायचं, हा आमचा धंदा. मी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचे.

गाडी उभी ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून एक ड्रायव्हर ठेवला. तिशीतला माणूस, आमच्याच खान्देशातला, बोलायला गोड. ह्यांचा एक नियम होता. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना किती डिझेल बसलं ते पाहायचं. ह्यांच्या हाताखाली गाडी लिटरला साडेतेरा किलोमीटर द्यायची. नव्या ड्रायव्हरच्या हाताखाली पंधरा दिवसांत ती अकरावर आली.

"डिझेल काढस तो," खाटेवर पडल्या पडल्या ह्यांनी निकाल देऊन टाकला. घरात आमचं बोलणं अहिराणी आणि मराठी असं मिसळूनच चालतं.

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का?"

"पाहाले कशाले लागस? अडीच किलोमीटर कोठे गयात मग?"

मला ते पटेना. चोरीचा आळ घ्यायचा तर निदान बघून तरी घ्यावा. दुसऱ्या दिवशी मिलमधून कागद आणायचे आहेत असं सांगून मी डबा घेतला आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले.

दिवसभर मी त्याचे पाय पाहिले. क्लचवरचा डावा पाय तो उचलायचाच नाही, खुर्चीच्या दांडीवर ठेवावा तसा तिथे ठेवून द्यायचा. लांबून लाल सिग्नल दिसत असला तरी तिथपर्यंत गाडी पळवायची आणि मग कच्चकन ब्रेक मारायचा. मिलच्या दारात वीस-पंचवीस गाड्यांची रांग होती. आमचा नंबर येईपर्यंत पाऊण तास इंजिन चालूच. मागची ताडपत्री एका कोपऱ्यात सुटलेली, हायवेवर वाऱ्याने फुगून फडफड करत होती. पुढच्या एका टायरात हवा कमी होती, ते तर मला खाली उतरताच दिसलं. डिझेल कुणी काढत नव्हतं. ते असंच थेंबाथेंबाने जात होतं.

संध्याकाळी मी त्याला सगळं सरळ सांगितलं. घरात चोरीची गोष्ट निघाली होती हेही लपवलं नाही. त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, मला हे कुणी सांगितलंच नाही. मी टेम्पो शिकलो तोच असा."

त्याने मनावर घेतलं. पुढच्या टाकीला आकडा बारावर गेला. ह्यांनी त्याला खाटेजवळ बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "माझं चुकलं, भाऊ." ह्यांच्या तोंडून हे शब्द मी त्याआधी फार वेळा ऐकले नव्हते.

पण महिना भरायच्या आत त्या ड्रायव्हरला गावाकडे कायमचं जावं लागलं. गाडी पुन्हा दारात उभी. त्या दिवशी मी हातातली साडी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी नेते."

लायसन्स माझ्याकडे होतं. गावी जाताना वाटेत ह्यांना काही झालं तर दुसरं कुणीतरी चालवणारं हवं, म्हणून ह्यांनीच दोन वर्षांपूर्वी हट्टाने काढायला लावलं होतं. पण भरलेली गाडी मी कधी चालवली नव्हती.

ह्यांनी उशाखालची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "जमी तुले. फक्त घाई करू नको."

लूमच्या शेठनी मला स्टिअरिंगवर पाहिलं आणि दोनदा विचारलं, "बेन, तमे चलावशो?" मी म्हटलं, "हो, मीच." त्यांनी कापड भरू दिलं, पण गाडी गल्लीबाहेर पडेपर्यंत ते पायरीवरून आत गेले नाहीत.

पहिल्याच उड्डाणपुलावर माझी परीक्षा झाली. चढावर पुढची बस थांबली, मीही थांबले आणि निघताना गाडी बंद पडली. भरलेली गाडी हातभर मागे सरकली. मागे हॉर्नचा एकच कल्लोळ. एक रिक्षावाला शेजारून जाताना काहीतरी बोललाही. मी हँडब्रेक ओढला, दोन श्वास घेतले आणि मनात म्हटलं, ज्याला घाई आहे तो जाईल बाजूने. मग क्लच हळूहळू सोडत, इंजिनाचा आवाज जड झाला तसा हँडब्रेक खाली केला. गाडी चढली. पूल उतरल्यावर कळलं की ब्लाउज पाठीला चिकटलाय.

त्यानंतर मात्र मला त्या कामाची गोडी लागली. खडे चिकटवताना हात एका लयीत ठेवावा लागतो, जोर दिला की खडा सरकतो. गाडीचंही मला तसंच वाटायला लागलं. सिग्नल लाल दिसला की मी तिथूनच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्यायची. पोचेपर्यंत पुष्कळदा तो हिरवा व्हायचा आणि गाडी न थांबता पुढे जायची. हायवेला पन्नासच्या आसपास धरायची, वरचा गियर, काटा हलू द्यायचा नाही. मिलच्या रांगेत इंजिन बंद. कापड भरताना हमालांना सांगायची, गठ्ठे केबिनच्या वर जाऊ देऊ नका, आणि ताडपत्रीची दोरी स्वतः ओढून बांधायची. दर सोमवारी टायरची हवा. पंक्चरवाले चाचा म्हणायचे, "तुमच्याएवढी हवा तपासायला कुणी येत नाही."

पहिली पूर्ण टाकी संपली तेव्हा हिशेब मी तीनदा केला. लिटरला चौदा पूर्णांक चार.

"पंपवाल्यानं कमी भरं व्हई," हे म्हणाले.

पुढच्या वेळी मी पंपावरून ह्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि डिझेल पार तोंडाशी दिसेपर्यंत भरायला लावलं. चौदा पूर्णांक पाच आले. ह्यांनी आकडा मानला, पण मिलच्या दारातल्या ड्रायव्हरांनी मानला नाही. आकडा त्यांच्या कानावर कसा गेला कोण जाणे. एकजण हसत म्हणाला, "ताई, गाडी रिकामीच फिरवता वाटतं?" मी मिलची पावती त्याच्यापुढे धरली. त्यावर वजन लिहिलेलं होतं. त्याने वाचलं आणि चहाचा कप दुसऱ्या हातात घेतला.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी ह्यांना गाडी चालवायची मोकळीक दिली. पट्टा बांधून हे तयार झाले आणि म्हणाले, "एक हप्ता मी चालवतो, एक हप्ता तू. फेऱ्या त्याच, माल तोच. बघू."

बोलण्यात चेष्टा होती, पण ती अर्धीच. अठरा वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी कधी पैज लावली नव्हती.

पहिला आठवडा ह्यांचा. मनापासून चालवली त्यांनी. शनिवारी आकडा आला तेरा पूर्णांक आठ, त्यांचा आजवरचा सगळ्यात चांगला. दुसरा आठवडा माझा. त्यातल्या बुधवारी एका उसाच्या ट्रॅक्टरमागे मला बराच वेळ रांगत जावं लागलं आणि वाटलं, गेली पैज. शनिवारी पंपावर हे स्वतः आले. टाकीत डोकावून पाहिलं, मशिनवरचा आकडा पाहिला, मोबाईलवर भागाकार केला. मग पुन्हा केला.

"चौदा पूर्णांक सहा," ते म्हणाले, आणि पंपावरच्या पोऱ्याला मोठ्याने सांगितलं, "ही मनी बायको शे बरं!"

मला तिथे कुठे पाहावं कळेना. मी उगाच काच पुसायला घेतली.

सोमवारी हे माझ्या शेजारी बसले, मी करते तरी काय ते बघायला. उधन्यापर्यंत त्यांची नजर माझ्या पायांवरच होती. मग म्हणाले, "सिग्नल सुटला की मी पहिला निघायला बघतो. तू बघत नाहीस. एवढंच दिसतंय." मला वाटलं, आता वाद घालतील. घातला नाही. मिलच्या दारात चहा पीत उभ्या असलेल्या त्याच ड्रायव्हरांच्या घोळक्यात गेले आणि माझ्यादेखत सांगितलं, "अ‍ॅव्हरेज पाहिजे असेल तर हिला विचारा. मला विचारू नका, मी हरलोय." ज्याने मला रिकाम्या गाडीवरून टोमणा मारला होता, त्यानेच पहिल्यांदा विचारलं, "ताई, टायरात हवा किती ठेवता?"

आता पलसाण्याची फेरी माझी असते. हे शहरातल्या शहरात दुपारचं काम बघतात, वजन उचलत नाहीत. गेल्या महिन्यात बारडोलीला एका नातेवाइकाचं सामान पोचवायचं होतं. दोघं मिळून गेलो. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, रस्ता मोकळा होता. मी पन्नासवर काटा धरला. थोड्या वेळाने शेजारून घोरण्याचा आवाज आला. दुसरं कुणी गाडी चालवत असताना ह्यांचा डोळा लागलेला मी कधी पाहिलेला नाही. मी आरसा जरा नीट केला आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून पुढचा खड्डा अलगद चुकवला.