उंबऱ्याच्या अलीकडे

इंदिरानगरात कुणाचंही बोट कापलं की सावळीरामकाका पट्टी बांधता बांधता त्याला घरची वाट विचारत.

"काका, घर समोरच आहे, हे काय!"

"मग लांबून जा. चौकातून वळसा घाल."

पट्टी बोटभर, प्रवास गावभर. लोक खूप हसत. कारण ठाऊक होतं ते एकट्या बायकोला, लताबाईंना.

कारगिलच्या लढाईत काका फौजेत नर्सिंग असिस्टंट होते. जखमी जवानाची शुद्ध जाऊ नये म्हणून ते त्याला घरची वाट सांगायला लावून बोलतं ठेवत. सुरगाण्याकडचा एक पोरगा असाच बोलत बोलत घरी निघाला. नदी उतरला, मोहाखालून वळला, अंगणात शिरला. उंबरा ओलांडून "आलो गं आये" म्हणाला आणि संपला. तेव्हापासून काका कुणालाच घरी पोचू देत नसत.

बुद्धजयंतीच्या आदल्या दुपारी लताबाई खिडकी पुसायला स्टुलावर चढल्या. काच फुटली, दंड आतल्या बाजूनं चिरला, रक्ताची चिळकांडी उडाली. काकांनी शेजाऱ्यांना अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ओरडून सांगितलं, जखमेच्या वर दंडाला ओढणी गुंडाळली आणि तिच्यात लाटणं घालून करकचून पिळलं.

"अहो, नवं लाटणं आहे ते!"

"असू दे. माहेरी निघालीस. त्र्यंबकच्या पुढं फाट्यावर उतरलीस. बोल."

बाजाराला जाताना दर दुकानाशी थांबणाऱ्या लताबाई आज भराभर निघाल्या. ओढा झाला, विहीर झाली.

"चप्पल ओढ्यात राहिली तुझी. मागं फीर."

"पायातच आहे माझ्या."

"गॅस बंद केलास का?"

"माहेरी चूल आहे हो!" त्या हसल्या. ओठ पांढरेफटक पडले होते. "दार उघडंच आहे. आई बोलावतेय."

सासूबाईंना जाऊन कैक वर्षं झाली होती. काकांनी लाटण्याला आणखी एक पीळ दिला.

"लता, आत पाऊल टाकायचं नाही! बाहेरूनच भांड तिच्याशी. भांडायला येतं ना तुला?"

त्या काहीतरी पुटपुटत राहिल्या. काका लाटणं धरून बसले. अखेर जिन्यात स्ट्रेचर खडखडलं.

दवाखान्यात रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी लताबाईंनी डोळे उघडले.

"आईनं दोन ताटं मांडली होती. दुसरं कुणाचं विचारलं, तर तुमचं म्हणाली. मी म्हटलं, हे कधी वेळेवर जेवायला आलेत का?"

काकांना हसू फुटलं. "मग?"

"म्हणाली, जावईबापू येतील तेव्हा येतील. ताट झाकून ठेवते."