मीटरकाकांची गच्चीवरची खोली

मीटरकाकांनी चौतीस वर्षं लोकांच्या घरचे मीटर वाचले. चोविसाव्या वर्षी ते वीज कंपनीत लागले, तेव्हा हातात टॉर्च, खांद्याला पिशवी आणि पायांत कोरे बूट होते. निवृत्त होईपर्यंत किती बुटांचे तळवे झिजले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. जिन्याखालचे, दारामागचे, रद्दीच्या गठ्ठ्यांआडचे सगळे मीटर त्यांच्या ओळखीचे होते. आकड्यावरून त्यांना घर कळे. आकडा एकदम चढला की घरात तान्हं बाळ आलंय किंवा कुणी अंथरुणाला खिळलंय. उतरला की मुलं परगावी शिकायला गेलीत. आकडा लहान असला की त्या घरच्या बाईला ते मोठ्या आवाजात म्हणत, "वहिनी, शाब्बास!" मोठा असला तर काही बोलत नसत, फक्त टॉर्च विझवताना असा सुस्कारा सोडत की त्या घरातल्या पंख्याचं बटण आपोआप बंद होई.

"यांच्याशी लग्न केलं आणि मी अंधारात चालायला शिकले," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी काकांच्या डोक्यात खोली शिरली. त्यांची इमारत चार मजल्यांची, सोळा बिऱ्हाडांची. गच्चीवर पूर्वीची कपडे धुण्याची खोली होती, तिच्यात मोडक्या खुर्च्या आणि एक पाळणा पडून होता. गच्चीवर सौर पॅनेल बसवायची आणि त्या खोलीत सगळ्यांसाठी एक धुलाईयंत्र, पाव भाजायची एक विजेची भट्टी, एक इस्त्री, एक शिलाई मशीन, सायकलींच्या बॅटऱ्या भरायची सोय आणि मोडक्या वस्तू दुरुस्त करायला एक लांब टेबल ठेवायचं, असा त्यांचा बेत.

"सोळा घरांत सोळा इस्त्र्या कशाला?" ते दारोदार विचारत फिरले. प्रत्येक दार त्यांनी दोनदा वाजवलं, दंतवैद्यबाईंचं तीनदा, कारण त्या इमारतीच्या सेक्रेटरी होत्या. कुणी शिलाई मशीन दिलं, कुणी भट्टी. पाळण्याची फळी काढून काकांनी टेबलाला जोडली.

पण त्याच खोलीवर तळमजल्यावरच्या चपलांच्या दुकानदाराचाही डोळा होता. त्याला खोक्यांसाठी गोदाम हवं होतं. दंतवैद्यबाईंनी सभेत दोघांचं ऐकून घेतलं आणि दात काढण्याआधी बोलतात तशा शांत आवाजात सांगितलं, "तीन महिने देते, काका. खोली वापरात दिसली तर तुमची. नाही तर यांची."

पहिल्या तारखेला खोली उघडली. काकांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: 'वीज जपून वापरा. काम होताच बटण बंद करा. बंद केल्याची खात्री करा.' कुणी आलं की ते खोलीतल्या मीटरशेजारी उभे राहत.

चौथ्या मजल्यावरची जुळ्यांची आई दुपट्यांची बादली घेऊन आली.

"किती वेळ लागेल?" काकांनी विचारलं.

"तासभर तरी लागेल, काका."

"थोडी भिजवून ठेवलीस तर अर्ध्या तासात होईल बघ."

ती दुपटी घेऊन गेली आणि परत आली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षकांनी दोन शर्टांना इस्त्री केली आणि तिसरा तसाच चुरगळलेला घालून शाळेत गेले. बाकीच्यांनी मनाशी म्हटलं, आपल्यापेक्षा दुसऱ्याला जास्त गरज असेल, राहू दे. आकडा लहान राहिला. काका रोज संध्याकाळी तो वहीत लिहीत आणि काकूंना वाचून दाखवत.

"बघ, सोळा बिऱ्हाडं आणि एवढासाच वापर! एकेका घराला शाब्बासकी द्यायला हवी."

दुसरा महिना संपताना पॅनेल बसवणारी इंजिनिअर मुलगी तपासणीला आली. वही पाहून तिने आधी काकांकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"काका, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? बचत!"

"बचत नाही हो, ही वाया गेलेली वीज आहे. पॅनेलला जोडलेल्या तुमच्या बॅटऱ्या सकाळी दहालाच भरतात. त्यानंतर कुणी वापरली नाही तर पॅनेल नुसतं ऊन खात बसतं. उद्याचं ऊन उद्या येणारच आहे ना? आजचं आजच संपवायचं!"

काका पाळण्याच्या फळीवर बसले. चौतीस वर्षं ज्या आकड्याला शाब्बास म्हटलं, तोच आता त्यांची खोली घालवायला निघाला होता. लहान आकडा म्हणजे रिकामी खोली, आणि रिकामी खोली म्हणजे चपलांची खोकी. महिना एकच उरला होता.

"मी सांगणार होते," काकू म्हणाल्या, "पण तुमचा चेहरा इतका खुलला होता की जिवावर आलं. तुम्ही मीटरपाशी उभे राहिलात की माणूस श्वाससुद्धा मोजून घेतो."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काका चौथ्या मजल्यापासून सुरुवात करून खाली आले. जुळ्यांच्या आईने दार अर्धवट उघडलं.

"मी दुपटी हातानेच धुते हो, काका."

"नको! यंत्रात घाल. चादरीही घाल. पडदेसुद्धा घाल!"

तिने मागे वळून नवऱ्याला हाक मारली, "अहो, जरा बाहेर या, काकांची तब्येत ठीक दिसत नाही."

"ऊन आहे तोवर वापर, बाळ. तीन वाजेपर्यंत हवी तेवढी."

शिक्षकांनी दोनदा विचारलं, "नक्की ना? आणि आमची परीक्षा तर नाही ना घेत?" काकांनी पाटी उतरवली, खोलीचं कुलूप काढून टाकलं आणि स्वतः गच्चीकडे फिरकायचं नाही असं ठरवलं. ते ठरवणं सोपं होतं. घरात बसून वरच्या यंत्राची घरघर ऐकणं मात्र अवघड. पहिल्या दिवशी ते चार वेळा उठले. चारही वेळा काकूंनी त्यांना मटार सोलायला बसवलं.

हळूहळू घरघर वाढली. जुळ्यांची आई दुपटी घेऊन आली, तिच्या पाठोपाठ शेजारीण पडदे घेऊन आली. बुधवारी शिक्षकांनी भट्टीत सात पाव भाजले. तीन जळले, चार वाटले गेले. टेबलावर कुणी मिक्सर उघडला, तो पाहायला चौघं जमले आणि चौघांनी चार सल्ले दिले. दुकानदाराची बायको आधी नुसती डोकावायला आली आणि दुपारभर मुरांब्याच्या बरण्या भरत बसली.

सभा शेवटच्या रविवारी दुपारी होती. दंतवैद्यबाई वर आल्या तर खोलीत उभं राहायला जागा नव्हती. आडव्या दोरीवर ओळीने चादरी वाळत होत्या, त्यांच्या आडोशातून लोकांची डोकी दिसत होती. बाईंनी एक चादर बाजूला सारली.

"काका, मीटरचा आकडा किती?"

काकांनी मान खाली घातली. "पाहिला नाही, बाई. तीन आठवडे पाहिलेला नाही."

खोलीत कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. बाई जागेवरूनच म्हणाल्या, "मलाही पाहायचा नाही. खोली ठेवायची म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

पंधरा बिऱ्हाडांचे हात वर झाले. दुकानदार खिशात हात घालून उभा होता.

"माझी खोकी कुठे ठेवू मी?" तो म्हणाला.

"जिन्याखाली जागा आहे," काका घाईने म्हणाले, "दमट नाही. मला माहीत आहे, तिथला मीटर चौतीस वर्षं मीच वाचलाय. फळ्या मी ठोकून देतो."

दुकानदाराच्या बायकोने त्याचा हात खिशातून काढला आणि वर धरला. "माझा मुरांबा अजून व्हायचाय," ती म्हणाली.

सोळा झाले. बाईंनी लिहून घेतलं. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि जवळच्या चादरीचं टोक हातात घेतलं.

"अहो," काकू त्यांच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "तिला डोळे पुसू नका. नुकतीच वाळलीय ती."