तीनदा वाचायचा कागद

धोंडूनाना कुठलाही सरकारी कागद तीनदा वाचून घेत. "पहिल्यांदा देतं काय ते वाच. मग घेतं काय ते. मग कधी," असं ते सांगत. तिन्ही वेळा कागद तोच असे आणि मीही तोच मजकूर त्याच क्रमाने वाचत असे. नाना मात्र प्रत्येक वेळी निराळं काही ऐकल्यासारखे बसत. पहिल्या वाचनाला मान हलवत, दुसऱ्याला विडी विझवत आणि तिसऱ्याला डोळे मिटून घेत. तिसऱ्या वाचनात महिना किंवा तारीख आली नाही, तर डोळे उघडून म्हणत, "तारीख नसलेला कागद म्हंजे नुसता कागद. बांगडा गुंडाळायला चालंल."

त्यांच्याविषयी लिहावं की नाही, हे माझं बरेच दिवस ठरत नव्हतं. ते काही मोठे पुढारी नव्हते. तरुणपणी रेवसच्या धक्क्यावरून माल नेणाऱ्या मचव्यावर त्यांनी सुकाणू धरलं होतं. गुडघे दुखू लागल्यावर ते घरी बसले आणि ग्रामपंचायतीचे सभासद झाले. पंचायतीने त्यांच्याकडे सांडपाण्याचं काम दिलं, कारण ते दुसऱ्या कोणाला नको होतं. छापील अक्षर ते बोट ठेवून वाचत. कचेरीची भाषा मात्र त्यांच्या बोटाला दाद देत नसे. आमच्या खालच्या आळीत कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून सुट्टीत घरी आले की ते कागद माझ्याकडे येत. माझे वडील मिठागरावर कामाला. आमच्याकडे कागद असा तोवर आलाच नव्हता.

खालच्या आळीतली घरं एकमेकांना टेकून आहेत. वरच्या आळीत नारळ-सुपारीच्या वाड्या. तिथे न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात जातं आणि कोणाला त्याचा त्रास होत नाही. आमच्याकडे माड लावायला जागाच नाही. सगळ्या घरांचं पाणी मधल्या खळग्यात साचे आणि तो खळगा दर पावसाळ्यात विहिरीकडे थोडा सरके. गोड्या पाण्याची आमची ती एकच विहीर. एका वर्षी आळीतली बरीच मुलं आजारी पडली, तेव्हा आरोग्य खात्याचा माणूस आला, पाणी बाटलीत भरून घेऊन गेला, आणि पुढच्या खेपेला विहिरीवर पत्र्याची पाटी लावून गेला: "पाणी पिण्यास अयोग्य."

तेव्हापासून आळीतल्या बायका वरच्या आळीत वाड्यांच्या दारांशी हंडे घेऊन उभ्या राहू लागल्या. मालकांचं शिंपणं आटोपलं, त्यांनी हाक मारली, की आत जायचं. नानांची बायको, जिला आम्ही सगळे काकी म्हणतो, तीही त्या रांगेत असे. ती हंडा घेऊन परतली की नाना उठून तो उतरवून घेत, आणि हे काम पूर्वी त्यांनी कधी केलं नव्हतं.

त्या दिवाळीत ते शिडाच्या कापडात बांधलेले तीन कागद घेऊन आमच्या ओट्यावर आले. गटार बांधायला पैसे मिळण्याच्या त्या तीन वाटा होत्या. पहिला कागद जिल्ह्याच्या बोर्डाचा. सगळा खर्च बोर्डाचा, पण नकाशाही बोर्डाचा आणि गावाचा नंबर लागेल तेव्हा. दुसरा सरकारी कर्जाचा. पैसे लवकर, नकाशा आपला, हप्ते घरपट्टीतून फेडायचे. तिसरा विकास गटाचा. निम्मा खर्च सरकार देणार, निम्मा गावाने रोख द्यायचा किंवा श्रमदान करायचं, आणि मार्चअखेर काम पुरं झालं पाहिजे.

मी तिन्ही तीनदा वाचले. घसा कोरडा पडला.

"कर्जाचा हप्ता कवा?" नानांनी विचारलं.

"ऑगस्टात."

"सरावनात मिठागर बंद. तुझा बापूस तवा घरात बसून दोऱ्या वळतो. हप्ता काय दोरीनं बांधायचा?" त्यांनी तो कागद बाजूला ठेवला. "बोर्डाचं कवा?"

"यथाक्रम, असं लिहिलंय."

"ह्यो कुठला म्हैना?"

देवळात सभा भरली तेव्हा सरपंच आप्पांनी बोर्डाचीच बाजू घेतली. आप्पा वरच्या आळीतले, मोठ्या वाडीचे मालक, मुंबईत कारकुनी करून आलेले. "नाना, सगळंच्या सगळं फुकट मिळतंय ते सोडून तुम्ही निम्म्याच्या मागे का लागता?" ते म्हणाले. "तुम्हाला अपूर्णांक शिकवायला हवेत."

"शिकवा आप्पा. पन ते शिकंपर्यंत आमच्या बायांनी तुमच्या दारात उभं ऱ्हायचं का, तेवढं सांगा."

लोक हसले. आप्पाही हसले, आणि ठराव बोर्डाच्या बाजूने झाला. ओव्हरसियर आप्पांच्या ओळखीचे होते. त्याच आठवड्यात ते सकाळच्या लाँचने आले. त्यांनी उतार मोजला आणि गटार जिथे खाडीला मिळणार तिथे चिखलात लाकडी खुंटी ठोकली. त्यांचं काम संपलं होतं, पण नाना त्यांना जेवल्याशिवाय सोडेनात. काकीने कोलंबीचं कालवण केलं होतं. जेवण झालं, पान झालं, एक डुलकीही झाली. मग नाना म्हणाले, "सायेब, जाताना खुंटी एकदा बघून जाऊ."

आप्पांनाही घेऊन आम्ही खाडीवर गेलो. भरती आली होती. ओव्हरसियरांनी काठावरून पुढेमागे पाहिलं. "खुंटी कुठे गेली?"

"हाय की. जिथं ठोकली तिथंच हाय. तुमी आला तवा ओहटी व्हती."

ओव्हरसियर भले गृहस्थ होते. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि खरं तेच सांगितलं. खाडीकाठच्या गावांना हाच नमुना मंजूर आहे, बदलायचा तर तो वर पाठवावा लागेल, मग गावाचा नंबर नव्याने लागेल. उधाणाला गटार उलटं वाहून विहिरीपर्यंत येईल, हे त्यांनी सांगितलं नाही, पण आप्पांनाही ते दिसलं असावं. दुसऱ्या सभेत त्यांनी विरोध केला नाही. निम्म्याची योजना मंजूर झाली.

गटार न्यायचं ठरलं ते खाडीकडे उतरत गेलेल्या आप्पांच्या वाडीच्या कुंपणाबाहेर. तिथे पंचायतीच्या जागेची एक पट्टी होती. आमच्या आळीपेक्षा खाली आणि उधाणाच्या रेषेपेक्षा वर. तिथे शोषखड्डा खणायचा आणि पाणी वाळूत जिरवायचं. "खालच्या आळीचं खरकटं पाणी माझ्या माडांच्या मुळाशी?" आप्पा म्हणाले. "त्यांचे नारळ देवाला जातात."

"खड्डा कुपनाच्या भायेर हाय," नाना म्हणाले. "माडांना तसं सांगून ठेवा."

विकास गटाच्या कचेरीने श्रमदानाच्या तारखा मागितल्या होत्या. नानांनी मला तिथी सांगितल्या. मिठागरात उधाणाला खाडीचं पाणी आत घेतात, त्या दिवसांत पुरुषांना मान वर करायला फुरसत नसते. अष्टमी-नवमीला भांग असतो, भरती जेमतेम येते, तेव्हा हात थोडे रिकामे होतात. म्हणून श्रमदान दर अष्टमी-नवमीला. "सायबाला तिथी कळायची न्हाय. तू इंग्रजी तारखा घाल," ते म्हणाले. मी पंचांग घेऊन बसले, तारखा काढल्या, सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि कॉलेज सुरू झालं म्हणून मुंबईला गेले. लिहिलेलं मी पुन्हा तपासलं नाही. नानांचे कागद तीनदा वाचणाऱ्या मला ते सुचलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढचं मला काकीने शिमग्याच्या सुट्टीत सांगितलं. माझी पंचांगातली एक ओळ चुकली होती. माघातल्या अष्टमीच्या जागी मी पौर्णिमेची तारीख लिहिली होती, आणि विकास गटाचे साहेब काम पाहायला नेमके त्याच तारखेला आले. उधाणाचा दिवस. आळीतला एकूण एक पुरुष मिठागरावर. चरावर कुदळी पडलेल्या आणि नाना एकटे विडी ओढत बसलेले. काम चालू दिसलं नाही तर साहेब तसा शेरा मारणार, निम्मे पैसे जाणार, आणि विहिरीवरची पाटी तशीच राहणार.

"माणसं कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"येतायत," नाना म्हणाले, आणि विहिरीपाशी गेले. बायका वरच्या आळीला जायला हंडे घेऊन निघाल्या होत्या. नानांनी त्यांना काय सांगितलं ते काकीलाही धड सांगता आलं नाही. एवढंच म्हणाले म्हणे, की आज तिथं उभं ऱ्हायापरीस हितं वाका. बायकांनी हंडे ओळीने ठेवले, पदर खोचले आणि चरात उतरल्या. काकी माती ओढत होती. माझी आई कुदळ मारत होती.

साहेबांनी कागद पाहिला. "यात बायकांचा उल्लेख नाही."

"आज बायांचा दिवस हाय," नाना म्हणाले. "पुरुषांचा अष्टमीला."

साहेबांनी तसं लिहून घेतलं. माझी चूक नानांनी ना साहेबांना सांगितली, ना आळीत. मी तोंड लपवून त्यांच्याकडे गेले तेव्हा ते जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "बायो, माझ्यासाठी तू तीनदा वाचतेस. सवताचं लिवलेलं एकदा तरी वाचत जा." मग त्यांनी काकीला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. परीक्षेचा पेपर देण्याआधी मी आजही तो पहिल्या ओळीपासून वाचते.

गटार वेळेत झालं. दगड कमी पडले तेव्हा आप्पांनी आपल्या पडक्या गडग्याचे दिले. कुदळ मात्र धरली नाही. तो पावसाळा आणि श्रावणातलं उधाण पार पडलं. पाणी उलटं फिरलं नाही, खळगा बुजला. दसऱ्याच्या सुमारास आरोग्य खात्याचा माणूस पुन्हा बाटली भरून घेऊन गेला आणि पुढच्या खेपेला पाटी काढायला आला. ती घेऊन तो निघाला तेव्हा नाना म्हणाले, "पत्रा चांगला हाय. ठेव हितं." त्या दिवशी काकीने आळीतल्या विहिरीवर हंडा भरला आणि नानांना न बोलावता स्वतःच उतरवला.

दुसऱ्या वर्षी आप्पांच्या कुंपणाजवळच्या माडांना असे नारळ लागले, की लोक रस्त्यात थांबून बघत. चैत्रात आप्पा स्वतः नानांच्या अंगणात आले. "नाना, त्या गटाराचं तोंड थोडं आत, वाडीत वळवता येईल का? खर्च मी करीन."

"आन् देवाचे नारळ?"

"देवाची तक्रार नाही," आप्पा म्हणाले.

"मग अर्ज करा," नाना म्हणाले. "सुट्टीत आमची पोर आली म्हंजे वाचून घेतो."

या वर्षी पौषात नाना गेले. जिल्हा परिषदा येणार, आता सगळे कागद निराळे होणार, असं लोक बोलत होते. नाना म्हणाले होते, "कागद बदलंल. वाचायचं तीनदाच." मला निरोप उशिरा मिळाला. भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरून मी तिसऱ्या दिवशी पोचले. घरात माणसं बसली होती. नानांचा एक पुतण्या मुंबईहून आला होता. काकीने त्याला पाणी द्यायला रांजणावरचं झाकण उचलून बाजूला ठेवलं, तेव्हा त्याची खालची बाजू वर आली. तीच ती पाटी. नाना इतकी वर्षं अक्षरं खाली करून ती रांजणावर ठेवत होते.

पुतण्याने वाचलं आणि तांब्या हातात धरून थांबला. "काकी, हे काय लिहिलंय?"

"काय लिवलंय ते आमाला ठावं हाय," काकी म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. "तारीख हाय का त्यावर?"

त्याने वाकून पाहिलं. "नाही."

"मग पी," काकी म्हणाली.

तो पाणी प्याला आणि थोड्या वेळाने त्याने आणखी मागितलं.