कुंकू लावलेल्या चार डिस्क

ज्ञानू शेडगे डिस्क हातात घेतली की आधी कानाला लावतो. वाशीच्या फळबाजारामागे पहिल्या मजल्यावर त्याचं दुकान आहे. बिघडलेल्या कॉम्प्युटरमधून लोकांचा गेलेला डेटा काढून देणं हा धंदा. त्याचे वडील भैरू, मूळचे साताऱ्याकडचे, याच बाजारात माथाडी होते आणि कलिंगडावर टिचकी मारून आतला रंग सांगायचे. ज्ञानू टिचकी मारत नाही, एवढाच काय तो शिक्षणाचा परिणाम. गिऱ्हाईक रडकुंडीला आलेलं असलं तरी हा आपला डोळे मिटून ऐकत बसतो आणि मग ठरलेलं वाक्य टाकतो, "बघतो. शब्द देत नाही." वीस वर्षांत त्याने कुणाला शब्द दिलेला नाही. बायकोलासुद्धा मुलगी पाहायला गेला तेव्हा "बघतो" म्हणाला होता, असं ती अजून ऐकवते.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी उलव्याचा विपुल कडू चार डिस्कांचा एक जुना डबा घेऊन आला. विपुल लग्नांचं शूटिंग करतो. मागोमाग त्याची आई चांगुणाबाई जिना चढून आली आणि न विचारता खुर्चीत बसली. चारही डिस्कांवर हळदीकुंकवाचे टिळे होते. ज्ञानूने एक डिस्क उलटसुलट करून पाहिली आणि विपुलकडे बघितलं.

"आयेनं केला ह्यो परताप," विपुल म्हणाला.

"खंडेनवमीला कोयता पुजला, कॅमेरा पुजला," चांगुणाबाई म्हणाली, "मंग यांनीच काय घोडा मारलाय?"

तिने चारही डिस्क उपसल्या होत्या, ओल्या फडक्याने पुसल्या होत्या, पाटावर मांडून पुजल्या होत्या आणि हाताला लागतील तशा परत खोचल्या होत्या. भाव खरा होता, क्रम चुकला होता. हा डबा आत ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीचे तुकडे करून ते चार डिस्कांवर ओळीने वाटून ठेवतो. एक डिस्क मेली तर उरलेल्या तिघी तिचं सांभाळून घेतात. पण इथे एकीचा लाल दिवा गणपतीपासून लागलेला होता आणि विपुल "नंतर बघू" करत बसला होता. पूजेनंतर गोंधळलेल्या डब्याने स्वतःच दुरुस्ती सुरू केली, त्या झटापटीत दुसरीने मान टाकली आणि कुठे काय ठेवलंय याची यादीही पुसली गेली.

"शूटिंगचं टेन्शन नाय, लोक कधीच घेऊन गेले," विपुल म्हणाला. "आयेचे धवले हायेत त्यात."

चांगुणाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तिने धवला गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नसे. चाळीस वर्षं ती आणि शेजारची पुतळा जोडीने गायल्या. एक ओळ हिची, एक तिची. दोन वर्षांपूर्वी पुतळा गेली आणि चांगुणाबाईने गाणं सोडलं.

"अर्धा धवला तिचा व्हता. तो ती घेऊन गेली," ती म्हणाली. "आता तिच्या नातीचं, मोनालीचं लगीन हाय, तुलशीच्या लग्नानंतर. पोरीला बोलले, मी गाईन. पुतलाच्या ओली या डब्यात हायेत. त्या ऐकून पाठ करीन."

"बघतो," ज्ञानू म्हणाला. "शब्द देत नाही."

"शब्द मी दिलाय. तू निस्ता काम कर."

ज्ञानू कामाला लागला. गणपतीपासूनची डिस्क कानाला लावली तर आत नुसती शांतता. दुसरी मात्र कटकट करत होती. कटकट म्हणजे जीव आहे. तिला थोडं चालवायचं, तापली की बंद करायचं, थंड झाली की पुन्हा गोंजारायचं, असं करत अकरा दिवसांत तिच्यातलं जवळजवळ सगळं त्याने नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. आता प्रश्न क्रमाचा. चार डिस्कांच्या चोवीस मांडण्या होतात आणि एकेक मांडणी नीट तपासायला दीड दिवस. तोवर मोनाली सासरी पोचून तिचं पहिलं माहेरपणही उरकलं असतं.

वैतागून तो टिळ्यांकडे बघत बसला. एक टिळा ठसठशीत होता, एक बरा, एक फिकट आणि एक नावापुरता. त्याने उलव्याला फोन लावला.

"मावशी, कुंकू कसं लावलंत?"

"बोटानं."

"ते कळलं हो. कोणत्या डिस्कला आधी?"

"वरून येकेक काढली, तशीच पाटावर मांडली, तशीच पुजली. बोट येकदाच बुडवला. कुंकू काय फुकट येतंय?"

म्हणजे ठसठशीत ती सगळ्यात वरची आणि नावापुरती ती तळाची. ज्ञानूने त्या क्रमाने मांडणी लावली आणि गाणी सापडू लागली. त्याला एवढा आनंद झाला की तो खाली जाऊन उगाचच एक कलिंगड घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई आली. हळदीचा धवला सुरू झाला. तिची ओळ झाली, आता पुतळाची पाळी. आणि आवाज थांबला. तुकडा गहाळ झाला की काय, म्हणून ज्ञानूने घाबरून आवाज वाढवला. तेव्हा कुजबुज ऐकू आली. "मेढीला गं, मेढीला..." आणि लगेच पुतळाने खणखणीत आवाजात ती ओळ उचलली. पुढच्या ओळीला तेच, त्याच्या पुढच्या ओळीलाही तेच. कुजबुजणारा आवाज चांगुणाबाईचा होता.

ती आ वासून ऐकत राहिली. "अगो, ही तं मीच सांगतंय तिला!" मग तिला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. "चालीस वरसा. आन मना वाटला, तिला येते म्हनून मी गाते."

ज्ञानूला हायसं वाटलं. "म्हणजे मावशी, सगळं तुम्हालाच येत होतं. शिकायचं काही उरलंच नाही," म्हणून त्याने बंद करायला हात पुढे केला.

तिने तो धरला. "शिकाला कोन ऐकतंय? परत लाव," ती म्हणाली. "ती अडकते ना, तिथून लाव."