बाबाजीच्या मुलीचा खिळा

सुमती तावडे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या श्रावणातल्या शेवटच्या रविवारी सकाळी, लालबागच्या एका चाळीत, चहाचे कप फिरत असताना. ज्यांनी केला ती वाईट माणसं नाहीत, आमच्याच गावची आहेत. दिवाळीनंतर दार-ए-सलामहून तिच्या भाच्याचा निरोप आला, आत्या झोपेतच गेली. तेव्हापासून मी हे लिहायचं टाळत होते. पत्रकं लिहायची सवय असलेल्या हाताला शांतपणे लिहिणं जड जातं.

ती माझ्या बाबांची चुलत बहीण. तिचे वडील बाबाजी परळच्या गिरणीत फिटर होते. टांझानियात नवी गिरणी निघाली तेव्हा तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. आत्या जन्मली तिथे. शाळेत इंग्रजी, बाजारात स्वाहिली आणि घरात मालवणी, तीही बाबाजी इथून घेऊन गेले होते ती, जशीच्या तशी. जन्मभर मास्तरकी करून निवृत्त झाल्यावर ती पहिल्यांदा इकडे आली आणि चिंचपोकळीला आमच्याकडे उतरली. आईने तिला आधी कोकणात गावी नेलं. घर कधीच पडलेलं, जोत्यावर रान. आत्याला त्याचं फार काही वाटलं नाही. "बाबान घराच्यो गजाली कधी सांगूक नाय गो," ती मला म्हणाली. "सांगल्यान त्यो खोलयेच्यो."

खोली म्हणजे लालबागची गावकीची खोली. गावाहून नोकरीला आलेल्या पुरुषांनी एकत्र राहायची. माळ्यावर प्रत्येकाची ट्रंक, भिंतीवर प्रत्येकाचा एक खिळा. त्या खिळ्यावर दुसऱ्याने सदरा टांगायचा नाही. बाप गेला की खिळा मुलाचा. बाबाजींनी दार-ए-सलामच्या प्रशस्त घरातही प्रत्येक पोरासाठी एकेक खिळा ठोकला होता, आणि आत्या समजायची की हिंदुस्थानात सगळे असेच राहतात.

मी तिला पहिल्यांदा खोलीवर नेलं तेव्हा ती उंबऱ्याबाहेर थांबली. आधी वाडी सांगायची, मग बापाचं नाव, आपलं नाव विचारलं तरच, असं बाबाजींनी शिकवलेलं. ती ताठ उभी राहून म्हणाली, "खालची वाडी. बाबाजीचां चेडू." सत्तरीकडे झुकलेलं चेडू, म्हणजे मुलगी, बघून आतली पोरं हसली. पण सेक्रेटरी भाऊकाका उठून उभे राहिले. आता ही पद्धत कोणालाच आठवत नाही, त्यांना आठवत होती. त्यांनीच तिला बाबाजींचा खिळा दाखवला. रिकामा होता. तिने त्यावर आपली पिशवी टांगली आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसली...

मग ती दर रविवारी जायला लागली. नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण न्यायची, कुरिअरची कामं करणारी पोरं ताटं पुसून खायची. "आत्यानू, पुढच्या रविवारी भात जास्त आणा हां." दिवेलागणीला मात्र तिने निघायचं. बाई रात्री राहत नाही, असा नियम.

श्रावणातल्या सभेत तिने खोलीचं सभासदत्व मागितलं. भाऊकाका म्हणाले, "सुमतीताई, बायांचं नाव लागत नाही. मुलाच्या नावावर करूया."

"माका झील नाय."

"मग भाचा?"

"मी आसताना भाचो कित्याक?"

मागून कोणीतरी म्हणालं, चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय, म्हणून आठवण झाली. आत्याने वळूनही बघितलं नाही. "माका फ्लॅट नको. बाबाचो खिळो व्हयो." चहा आला. विषय पुढच्या सभेला ठेवला.

मी त्याच दिवशी पत्रक लिहायला बसले. तिने कागद काढून घेतला. "छापू नको. छापलंस तर ते माझ्याशी भांडतले. माका त्यांच्यात बसूचा हा." मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण खोली तिच्या बापाची होती, म्हणून गप्प बसले. पुढच्या सभेला येते म्हणून ती विमानात बसली.

ती गेल्याचं सांगायला मी भाऊकाकांकडे गेले. ते म्हणाले, "सभेत शोकप्रस्ताव घेऊ गं." घ्या. म्हणजे शोकप्रस्तावात बाईचं नाव चालतं, सभासदांत नाही. माझ्या बाबांच्या मागे तिथली जागा माझ्या धाकट्या भावाची आहे. तो ठाण्याला राहतो, खोली कुठल्या मजल्यावर आहे हेही त्याला ठाऊक नाही.

लालबाग, परळ, गिरगावात तुमच्याही गावाची खोली असेल. येत्या सभेला एकटे जाऊ नका, बहिणीला न्या, मुलीला न्या. बायांचं नाव लागत नाही असं कोणी म्हणालं की उभे राहा आणि विचारा, कोणी ठरवलं? चहा येईल. तो घेऊ नका. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.